प्लॉट विकला, आयटीआर-२ स्वतः भरताना कोणती किंमत दाखवायची?

बिगरशेती
जून २०१० मध्ये घेतलेला एनए प्लॉट ९ जानेवारी २०२६ ला ४२ लाखांना विकला. घेताना किंमत ६,३०,०००, वर मुद्रांक आणि नोंदणी ३८,०००. विकताना एजंटला ४२,००० दिले. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा) मध्ये ‘मोबदला’ ४२ लाख आहे, ‘बाजारभाव’ मात्र ४७ लाख. बाकी फक्त पगार, आजवर आयटीआर-१ भरत आलो. आता फॉर्म कोणता? ४२ धरायचे की ४७? इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) मिळतं का? खरेदीदाराने टीडीएस कापलेला नाही, ते चुकलं का?

जमाखर्च
टीडीएसचं आधी. मोबदला आणि मुद्रांक मूल्य (इंडेक्स टू मधला ‘बाजारभाव’) दोन्ही ५० लाखांच्या आत आहेत, म्हणून १ टक्का कापायचा नव्हताच. फॉर्म आयटीआर-२, कारण जमिनीचा नफा आयटीआर-१ मध्ये बसत नाही.

खरी अडचण ४२ आणि ४७ ची. कलम ५०सी नुसार मुद्रांक मूल्य मोबदल्याच्या ११० टक्क्यांपर्यंत असेल तर मोबदलाच धरतात. ४२ लाखांचे ११० टक्के म्हणजे ४६.२ लाख. तुमचा बाजारभाव ४७. मर्यादा ८० हजारांनी ओलांडली, पण वाढ फक्त त्या ८० हजारांची होत नाही, पूर्ण ४७ लाख धरावे लागतात. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

म्हणून साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) झालं होतं का ते बघा. साठेखताच्या दिवशी किंवा त्याआधी विसाराची (आगाऊ) रक्कम चेकने वा बँकेतून आली असेल तर खरेदीखताऐवजी साठेखताच्या तारखेचा रेडीरेकनर (सरकारी बाजारमूल्य) दर घेता येतो. विसार रोखीने घेतला असेल तर ही सवलत नाही.

साठेखत नसेल तर हिशेब असा:
४७,००,००० वजा दलाली ४२,००० वजा खरेदी ६,६८,००० = ३९,९०,०००. त्यावर १२.५ टक्के म्हणजे ४,९८,७५०, उपकरासह ५,१८,७००.

इंडेक्सेशन: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीला निवासी व्यक्तीसाठी २० टक्क्यांचा जुना हिशेबही करून बघतात आणि कमी येईल तो कर लागतो. निर्देशांक २०१०-११ चा १६७, २०२५-२६ चा ३७६. खर्च १५,०४,००० होतो, नफा ३१,५४,०००, कर ६,३०,८००. म्हणजे तुम्हाला १२.५ टक्केच परवडतात. त्या वर्षी घेतलेल्या जमिनीला खरेदीच्या साधारण ४.३ पटींच्या आत दर मिळाला तरच जुना हिशेब फायद्याचा.

रकाना
भरताना काय अडतं ते सांगतो. शेड्यूल सीजी मध्ये दीर्घ मुदतीच्या भागात जमीन-इमारत निवडा. खरेदी-विक्रीच्या तारखा आणि मोबदला व मुद्रांक मूल्य दोन्ही वेगवेगळे टाका, ११० टक्क्यांची तुलना फॉर्म स्वतः करतो. मूल्याच्या रकान्यातही ४२ टाकू नका; दुय्यम निबंधकाकडून ३० लाखांवरच्या व्यवहाराची माहिती विभागाकडे जातेच, आणि ती तुमच्या एआयएस (आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण) मध्ये दिसते. खरेदीदाराचं नाव, पॅन, हिस्सा, रक्कम, पत्ता, पिनकोड लागतात. खरेदीदार दोघे असतील तर दोन ओळी.

शेवटी तक्ता एफ. त्यात नफा कोणत्या काळात झाला ते विचारतात. तुमचा १६ डिसेंबर ते १५ मार्चच्या रकान्यात जाईल. चुकीच्या रकान्यात टाकला तर फॉर्म २३४सी चं (आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं) नको तितकं व्याज लावतो.

या नफ्यावरचा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायला हवा होता. भरला नसेल तर एप्रिलपासून दरमहा १ टक्का २३४बी चं व्याजही चालू आहे. विवरणपत्राची वाट न बघता चलन आजच भरा: स्व-निर्धारण कर, कोड ३००, निर्धारण वर्ष २०२६-२७. वर्ष चुकलं की पैसे भरूनही थकबाकी दिसते.

बिगरशेती
साठेखत नाही. हातात न आलेल्या ५ लाखांवरही कर! नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत सूट आहे ना? आणि काही वाचवता येईल का?

जमाखर्च
८७ए ची ती सूट विशेष दराच्या उत्पन्नाला (जसा हा १२.५ टक्क्यांचा नफा) लागू नाही, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. ८०सी वगैरेही या नफ्यातून वजा होत नाहीत.

वाचवायचा सरळ मार्ग ५४ईसी: आरईसी, पीएफसी किंवा आयआरएफसीचे रोखे, विक्रीपासून ६ महिन्यांत, कमाल ५० लाख. ३९,९०,००० गुंतवले तर कर शून्य. पैसे ५ वर्षं अडकतात, व्याज करपात्र, आणि त्या रोख्यांवर कर्ज काढलं तर सूट जाते. तुमची मुदत जुलै २०२६ च्या ८-९ तारखेला संपते, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

घर घ्यायचं असेल तर ५४एफ. तिथे फक्त नफा नाही, दलाली वजा जाऊन उरलेली सगळी विक्रीची रक्कम घालावी लागते. कमी घातली तर सूट त्या प्रमाणात. विक्रीच्या दिवशी एकाहून जास्त घरं नावावर असतील तर मिळत नाही. घर लगेच ठरत नसेल तर विवरणपत्राच्या मुदतीआधी ती रक्कम भांडवली नफा खात्यात टाका. साध्या मुदत ठेवीत ठेवलेली चालत नाही.

रकाना
एक राहिलं. वरचे सगळे कलम-आकडे १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला असला तरी तुमची विक्री जानेवारीतली, त्यामुळे हेच लागू.