रॉ लँडस्केपला पाच मिनिटं पुरेत, बाकी सगळी हौस

घड्याळवाला

शीर्षक मुद्दाम भांडखोर ठेवलंय.

परवा पहाटे काढलेला फोटो. पुढे खडक, मध्ये तळं, तळ्यावर धुकं, मागे डोंगर आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणारा सूर्य. आकाश जळू नये म्हणून एक्सपोजर कमी ठेवलं होतं, त्यामुळे रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) उघडली तर खडकांच्या जागी नुसती शाई. डार्कटेबल या फुकटच्या रॉ-एडिटरमध्ये घेतला आणि पाच मिनिटांत हातावेगळा केला.

आधी आकाशाकडे साफ दुर्लक्ष करून तळं आणि डोंगर डोळ्याला बरे वाटेपर्यंत एक्सपोजर वाढवलं. आकाश पांढरंफटक पडलं, पडू दिलं. इथेच बहुतेक जण घाबरून स्लायडर मागे ओढतात. पण डार्कटेबलचं एक्सपोजर मॉड्यूल (प्रत्येक कामाचा वेगळा कप्पा म्हणजे मॉड्यूल) काहीच कापून टाकत नाही. वर गेलेला उजेड आत शाबूत असतो आणि पुढे सिग्मॉइड नावाचं मॉड्यूल त्याला पडद्याच्या आवाक्यात आणतं. मग टोन इक्वलायझरने (उजळ-अंधाऱ्या भागांचा उजेड वेगवेगळा बदलणारं मॉड्यूल) खडक साधारण सव्वा स्टॉप वर; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. लेन्स करेक्शन आणि डीनॉइज (दाणेदारपणा घालवणं) एकेका क्लिकचं काम. तळं किंचित कललेलं होतं, ते सरळ केलं. झालं.

माझं म्हणणं इतकंच की फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉड्यूलांची रांग समोर दिसते म्हणून आपण ती उघडत बसतो. फोटोला त्यातलं काही हवं असतं असं नाही.

सावकाश

फोटो पाहिला. वाईट नाही, पण पाट्या टाकल्यात.

खडक वर आले खरे, पण त्यांचा खरखरीतपणा गेला. पुठ्ठ्याचे वाटतात. कारणही सांगतो. टोन इक्वलायझरमध्ये मास्किंगचा टॅब असतो, तो तुम्ही उघडलेला दिसत नाही. मास्क म्हणजे फोटोतला कुठला भाग किती उजळ याचा नकाशा. त्याचा हिस्टोग्राम (कुठल्या उजेडाचे किती बिंदू याचा आलेख) एका कोपऱ्यात गोळा झालेला असला की सगळा फोटो दोनतीन पट्ट्यांतच अडकतो आणि मग एक बिंदू हलवला की अर्धं चित्र हलतं. आधी तो पसरून घ्यायचा असतो. तुमच्या पाच मिनिटांत ते बसलं नाही.

अमेरिकन लँडस्केप फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने 1941 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो काढला. त्या एका निगेटिव्हच्या प्रिंट तो पुढे कित्येक वर्षं काढत राहिला आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळं होत गेलं. निगेटिव्ह तीच, माणूस बदलला. हे घड्याळ लावून होत नाही.

जेपेगच_बरा

दोघांनाही नमस्कार. पाच मिनिटं लागोत की पाच तास, हवेत कशाला? कॅमेरा हेच काम सेकंदाच्या आत करून तयार जेपेग फोटो देतो. करेक्शन, डीनॉइज, कॉन्ट्रास्ट, सगळं. रॉ काढायची आणि मग ती जेपेगसारखी दिसावी म्हणून घाम गाळायचा, हा खेळ मला आजवर कळलेला नाही.

घड्याळवाला

@जेपेगच_बरा, ज्या फोटोत उजेड सारखा आहे तिथे तुमचं शंभर टक्के मान्य. या फोटोत नाही. 14 बिटच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूला उजेडाच्या 16,384 पायऱ्या, जेपेगमध्ये दर रंगाला 256. त्यातही अंधाराच्या वाट्याला फार थोड्या येतात. जेपेगमधले हे खडक दोन स्टॉप वर ओढले तर डाग आणि पट्टे हाती लागतात.

आणखी एक. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतो तो हिस्टोग्राम जेपेगचाच असतो, रॉ काढत असलात तरी. तो ‘आकाश गेलं’ म्हणून ओरडतो तेव्हा रॉमध्ये बरेचदा ते जिवंत असतं.

@सावकाश, मास्किंगचा टॅब खरंच उघडला नव्हता. पकडलात.

थेरपीवाली

मी घाईवाल्यांच्या बाजूची, पण पाच मिनिटं मलाही जास्तच वाटतात. रॉथेरपी या दुसऱ्या फुकटच्या रॉ-एडिटरमध्ये ऑटो मॅच्ड टोन कर्व्ह नावाची सोय आहे. रॉच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला छोटा जेपेग असतोच. त्याच्याकडे बघून रॉथेरपी कर्व्ह स्वतःच बसवतं. म्हणजे सुरुवातच जेपेगवाल्या दादांच्या मुक्कामापासून होते आणि रॉची सगळी लवचीकता हातात राहते. पुढे सावल्या थोड्या उचला, कॅप्चर शार्पनिंग लावा आणि उठा.

मात्र घाईत मी एकदा चांगलीच तोंडावर आपटले आहे. असाच धुक्याचा फोटो होता. हेझ रिमूव्हल (धुरकटपणा काढणारी सोय) सुरू केलं, आकडा आपोआप 50 वर असतो, तसाच ठेवला. काय झणझणीत दिसायला लागला म्हणून खूश होऊन पाठवूनही दिला. दुसऱ्या दिवशी ज्याच्यासोबत गेले होते त्याने विचारलं, “धुकं कुठे गेलं?” ज्यासाठी अंधारात उठून गेलो, तेच मी पुसलं होतं. लांबचा डोंगर फिका दिसतो म्हणूनच तो लांबचा वाटतो. ते फिकेपण काढलं की मागचा डोंगर पुढच्याला येऊन चिकटतो.

सावकाश

@थेरपीवाली, तुम्ही माझाच मुद्दा सांगितलात की! चूक दुसऱ्या दिवशी कळली. ताज्या फोटोला आपण फोटो म्हणून बघतच नाही, ती पहाट आठवत बघतो.

मी स्वतः एक फोटो रात्री अंधाऱ्या खोलीत, स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून एडिट केला होता. प्रिंट आली ती संध्याकाळ झाल्यासारखी. स्क्रीन भगभगीत असल्याने मी फोटो दाबत नेला होता. तेव्हापासून नियम: रात्री हात लावायचा, दिवसा ठरवायचं. एकूण मिनिटं कमी असली तरी चालतील, मध्ये एक झोप हवी.

घड्याळवाला

झोपेचा मुद्दा मान्य. ती माझ्या पाच मिनिटांत धरायची नाही, एवढी एकच अट.

पण अ‍ॅडम्सचं ते “माणूस बदलला” हे मला मान्य करायला लावू नका. दर फोटोला अ‍ॅडम्स व्हायची गरज नसते. एका पहाटेचे चाळीस फ्रेम घरी येतात. त्यातल्या एकाला वेळ द्या, त्याची हिस्टरी (केलेल्या बदलांची यादी) कॉपी करा, बाकीच्यांवर चिकटवा. सगळे बदल रॉच्या बाजूला ठेवलेल्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिले जातात, मूळ रॉला धक्का लागत नाही, उद्या पुन्हा उघडा. घाईचा निर्णय कायमचा नसतो म्हणून तर घाई परवडते.

सावकाश

चाळिसांपैकी एकोणचाळिसांना तुमची पाच मिनिटं देतो. त्यांना तीही जास्त आहेत. आपलं भांडण त्या उरलेल्या एकाबद्दल आहे, आणि तुम्ही इथे टाकलाय तो तोच ना?

जेपेगच_बरा

एकोणचाळीस माझ्याकडे पाठवा.

घड्याळवाला

हो, तोच.

बरं, पुन्हा बसलो. मास्कचा हिस्टोग्राम पसरवला, खडकांना खरंच जीव आला. सूर्याभोवती जांभळट कडं होतं तेही आत्ता दिसलं. तिथे हिरव्या रंगाचा चॅनल मर्यादेपर्यंत भरून गेलेला होता आणि मी हायलाइट रिकन्स्ट्रक्शन (असे भरून गेलेले उजळ भाग सावरणारं मॉड्यूल) कधीतरी बंद करून विसरलो होतो. चालू केल्यावर कडं गेलं. नवीन फोटो जोडतोय. वेळ लागला बावीस मिनिटं, खोटं कशाला बोलू. त्यातली आठ तरी जुना आणि नवा आलटूनपालटून बघण्यात गेली.

थेरपीवाली

नवा चांगला आहे. खडक ओले वाटतायत आता. पण वर उजव्या कोपऱ्यात, ढगाच्या थोडं खाली, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका आहे. दोन्हींत आहे.

सावकाश

अरेच्चा. मी अर्धा तास बघत होतो, मला नाही दिसला.