राजदूत ३५०: पुढचा ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक लावावा का?

जुना पुणे नाका:
मामांची १९८५ची राजदूत ३५० आता माझ्याकडे आहे. शोसाठी नाही, रोज फिरवतो. इंजिन अजून झकास पळतं, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही. राजदूत जिच्यावरून बनली त्या मूळ जपानी यामाहा आरडी ३५०ला १९७३ पासून पुढे डिस्कच होती. राजदूत बनवणाऱ्या एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये गाडी इथे आणताना किंमत आवाक्यात ठेवायला ड्रम दिला. मग डिस्क लावली तर ओरिजिनलपण जातं की उलट परत येतं?

अक्कलकोट रोड:
परत येतं म्हणे! फरिदाबादच्या कारखान्यातून निघाली तशी ती ओरिजिनल. जपानी हवी होती तर जपानी घ्यायची की ओ.
तुमचा ड्रम ट्विन लीडिंग शू आहे, म्हणजे ड्रमला आतून घासणारे दोन अर्धगोल शू. दोन्ही शू चाकाच्या फिरण्याने आपोआप ड्रमवर ओढले जातात, म्हणून नीट सेट केला तर चांगला चावतो. पण शू ढकलणारे दोन कॅम जोडणारी दांडी जरा चुकली की एकच शू काम करतो, दुसरा नुसता बसून राहतो. त्यात शूवरचं लायनर गुळगुळीत झालेलं आणि केबल मामांच्या काळातली. अशा गाडीवर बसून लोक ड्रमला शिव्या घालतात. आधी ड्रम लेथवर लावून गोल आहे का बघा, मग त्याच मापाने लायनर घासून घ्या.

विजापूर रोड:
सगळं सेट करून एकदा तुळजापूरचा घाट उतरा. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो, लिव्हर पार ग्रिपला टेकतो. आणि चढावर थांबलात तर आणखी मजा: गाडी मागे सरकायला लागली की दोन्ही शू उलट ड्रमपासून ढकलले जातात, पुढचा ब्रेक नीट धरत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. पुढचा गाडीवाला जागच्या जागी थांबणार, तुम्ही त्याच्या डिकीत. ओरिजिनल काय चाटायचंय?

नवी पेठ:
कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही म्हटलंय. अपघात झाला तर विमावाल्याला आयतं कारण. व्हिंटेज नोंदणीची आशा नको, त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात, शिवाय मग रोज फिरवता येत नाही.

विजापूर रोड:
सायलेन्सर बदललेल्या बुलेटी रात्रभर फटफटतात तेव्हा कलम ५२ झोपलेलं असतं वाटतं.

लेथवाला १३:
भांडा निवांत, पण एक ऐका. डिस्कचा सगळा पीळ तिला चिमटणाऱ्या कॅलिपरमधून फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, एकाच पायावर येतो. ड्रमसाठी केलेल्या फोर्कला पट्टी वेल्डिंग करून कॅलिपर टांगलेला मी पाहिलाय, वेल्डिंगजवळ केसाएवढी चीर होती. चालवणाऱ्याला पत्ता नाही. लावायचीच तर डिस्कवाला पूर्ण फोर्क, हब (चाकाचा मधला भाग) आणि मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा ब्रेक ऑइलचा पंप) एकत्र घ्या. जुना सेट विकू नका. तसा फोर्क परत मिळणं अवघड आहे.

अक्कलकोट रोड:
म्हणजे अर्धी गाडीच बदला. तेच म्हणतोय मी.

जुना पुणे नाका:
आधी ड्रम, लायनर आणि केबल करून घाट उतरून बघतो. लिव्हर ग्रिपला टेकला तर डिस्कवाला फोर्क शोधणार, कुणी काही म्हणा.

लेथवाला १३:
ड्रम फार घासू देऊ नका. पातळ झाला की लवकर तापतो.