मदत हवी आहे: बीआरसीए निगेटिव्ह आलं, तरी दरवर्षी तपासणी कशाला?

वैशाख_वणवा
काल रिपोर्ट मिळाला, बीआरसीए निगेटिव्ह (बिघडली तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारी दोन जनुकं, त्यांची टेस्ट). पेढे वाटायचेच बाकी होते. तर डॉक्टर म्हणतात, दरवर्षी येऊन दाखवा, सोनोग्राफी करा, जमलं तर एमआरआय, चाळिशीनंतर मॅमोग्राफी. निगेटिव्ह असताना हे सगळं कशाला? मग टेस्टला एवढे पैसे का भरले? उद्या संध्याकाळी त्यांना फोन करायचा आहे, त्याआधी जाणकारांनी सांगा. जुने धागे वाचायला वेळ नाही, कृपया लिंका देऊ नका.

पाटावरवंटा
वय? घरात कुणाला झाला होता? टेस्ट कुणी सुचवली? काहीच न सांगता उत्तर मागताय.

सदाशिव_पेठी
चाळिशीनंतर मॅमोग्राफी सगळ्याच बायकांनी करावी, त्यात निगेटिव्ह-पॉझिटिव्हचा संबंध नाही. आणि महिन्यातून एकदा पाळीनंतर स्वतः हाताने तपासायची सवय ठेवा. आमच्या सौ. गेली कित्येक वर्षं करतात.

वैशाख_वणवा
@सदाशिव_पेठी, काका, हे मी विचारलंच नाहीये.
वय ३६. आत्याला स्तनाचा कॅन्सर झाला होता. आईकडे कुणालाही नाही, बाबा ठणठणीत. म्हणून तर कळत नाही की मला कशाला घाबरवताहेत.

तात्या_डोंबिवली
ताई, हे सगळं प्लास्टिकच्या डब्यांमुळे होतं. गरम वरण प्लास्टिकमध्ये भरणं आधी बंद करा. हळद, कडुनिंब, तांब्याच्या भांड्यातलं पाणी. आमच्या आजीच्या काळात असली दुखणी ऐकिवात नव्हती.

गुणसूत्र
तात्या, आजीच्या काळात ती दुखणी ऐकू येत नव्हती, कारण सांगतच नव्हते.

वैशाख_वणवा, तुमच्या माहितीत एक भोक आहे आणि ते फार मोठं आहे. आत्याची टेस्ट झाली आहे का? मी अशाच लॅबमध्ये काम करते. निम्म्या घरांत हीच चूक दिसते: जिला आजार झाला ती बाजूला, आणि घरातली सगळ्यात धडधाकट मुलगी रक्त देऊन येते.

असं बघा. आत्याच्या बीआरसीए१मध्ये बिघाड सापडला आणि तोच तुमच्यात नाही, तर तुमचं निगेटिव्ह हे खरं निगेटिव्ह. त्या बिघाडापुरता तुमचा धोका चारचौघींइतका. पण आत्याची तपासणीच झालेली नसेल, तर तुमच्यात न सापडण्याचे दोन अर्थ निघतात. एक, घरात बिघाड आहे पण तुमच्याकडे आला नाही. दुसरा, घरातलं कारण या टेस्टला दिसतच नाही, मग तुम्हाला न दिसल्याचा आनंद कसला? यातलं खरं कुठलं ते तुमच्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर कुटुंबाचा इतिहास धरून सांगताहेत, रिपोर्ट धरून नाही.

आणि बाबा ठणठणीत असण्याचा इथे काही उपयोग नाही. बिघाड बापाकडूनही तितकाच येतो. आत्यात असेल तर बाबांत असण्याची शक्यता निम्मी, तुमच्यात (टेस्टआधी) पाव. बीआरसीए२ वाहणाऱ्या पुरुषांना स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो, प्रोस्टेटचा धोका मात्र वाढतो.

न्यूजर्सीकर
इथे २००८च्या कायद्यामुळे हेल्थ इन्शुरन्सवाले आणि नोकरी देणारे जेनेटिक टेस्टचा रिपोर्ट तुमच्याविरुद्ध वापरू शकत नाहीत. पण आयुर्विमा त्यात येत नाही. तुम्ही टेस्टच्या आधी पॉलिसी घेतली होती का? मी सगळ्यांना हेच सांगतो, आधी पॉलिसी मग टेस्ट.

पाटावरवंटा
बाई नाशिकच्या की सांगलीच्या तेही माहीत नाही आणि तुमचा अमेरिकेचा कायदा सुरू. भारतात २०१८मध्येच विमा नियामकांनी कंपन्यांना सांगितलंय की निव्वळ आनुवंशिक आजाराच्या नावाखाली आरोग्यविम्याचा दावा फेटाळू नका. आता मूळ विषयावर या.

वैशाख_वणवा
नाशिक. आत्या कोल्हापूरला. तिची टेस्ट नाही झाली. ती ४१ची असताना झाला होता, आता ५३. बरी आहे, भाजी-मंडई सगळं स्वतः करते. तिच्या जुन्या फायलीत 'तिन्ही रिसेप्टर निगेटिव्ह' असं आहे. हेही निगेटिव्हच ना? मग चांगलंच की.

गुणसूत्र
नाही हो! तो निगेटिव्ह वेगळा. गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा, प्रोजेस्टेरॉनचा आणि हर२ यांतला एकही रिसेप्टर सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशी गाठ आणि तीही ४१व्या वर्षी, म्हणजे बीआरसीए१ची शंका वाढते. याच कारणासाठी आत्यांची टेस्ट आधी व्हायला हवी होती.

तुमच्या रिपोर्टवर तीन गोष्टी बघून सांगा. फक्त बीआरसीए१ आणि २ तपासले की पॅनेल होतं, म्हणजे पाल्ब२, टीपी५३, चेक२, एटीएम वगैरे इतर जनुकंही? जनुकाचे मोठे तुकडे गळाले आहेत का हे पाहिलं का? साध्या वाचनात ते निसटतात. आणि खाली किंवा मागे बारीक अक्षरात काही आहे का?

अंजिराची_फांदी
अँजेलिना जोलीने २०१३मध्ये सरळ दोन्ही स्तन काढून टाकले. टांगती तलवारच नको. मी असते तर तेच केलं असतं.

पाटावरवंटा
जोलीचा बीआरसीए१ पॉझिटिव्ह होता. तिची आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली होती. इथे अजून कुणाचंच काही पॉझिटिव्ह नाही आणि तुम्ही ऑपरेशन थिएटर बुक केलंत.

अंजिराची_फांदी
मत मांडायचीसुद्धा चोरी आहे का इथे?

वैशाख_वणवा
भांडू नका प्लीज. पॅनेलच आहे, बरीच नावं आहेत. मोठे तुकडे तपासले असंही लिहिलंय. आणि हो, दुसऱ्या पानावर बीआरसीए२समोर 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' असं काहीतरी आहे. डॉक्टर म्हणाले याकडे लक्ष देऊ नका, म्हणून मी लिहिलं नाही. पॉझिटिव्ह लपवलं नाही ना कुणी?

गुणसूत्र
दुसऱ्या पानावरची गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये हवी होती :)

डॉक्टरांचं बरोबर आहे. जनुकात एका अक्षराचा फरक सापडला, पण तो बाधक की निरुपद्रवी हे सांगायला पुरावा पुरेसा नाही, असा त्याचा अर्थ. पुढे पुरावा जमला की असे बहुतेक बदल निरुपद्रवीच ठरतात. त्यावरून ऑपरेशन करायचं नाही, नातेवाइकांना त्याच्यासाठी टेस्टला पळवायचं नाही, आणि 'मला बीआरसीए२ आहे' असंही कुणाला सांगायचं नाही. फक्त वर्षा-दोन वर्षांनी लॅबला विचारा की वर्गीकरण बदललं का.

अशा बदलांचं प्रमाण आपल्याकडच्या रिपोर्टांत जास्त असतं, कारण माहितीचे साठे बरेचसे युरोपीय वंशाच्या लोकांवरून भरले आहेत. ३१३ छोट्या बदलांची बेरीज करून धोका काढणारा जो स्कोअर हल्ली दाखवतात, त्याचंही तेच दुखणं. कुणी तो विकायला आलं तर सध्या नको म्हणा.

तात्या_डोंबिवली
म्हणजे पैसे भरून उत्तर काय, तर 'माहीत नाही'. यापेक्षा आमची हळद बरी.

मी_मिरजेची
तात्यांना सोडा. वैशाख_वणवा, आजीचं काही सांगितलं नाहीत. बाबांची आई कशाने गेली?

वैशाख_वणवा
पोटाच्या कॅन्सरने, पन्नाशीत. मी लहान होते. पोटात पाणी व्हायचं, ते काढायला न्यायचे असं बाबा सांगतात. त्याचा काय संबंध?

मी_मिरजेची
माझ्या सासूबाईंचं अगदी हेच सांगायचे, 'पोटाचा कॅन्सर'. जुने कागद सापडले तेव्हा कळलं की अंडाशयाचा होता. पोटात पाणी होणं हे त्यातलं नेहमीचं लक्षण. बाकी कशानेही होतं म्हणा, पण विचारून ठेवा.

गुणसूत्र
मिरजेच्या ताईंनी नेमकं बोट ठेवलं. अंडाशयाचा असेल तर चित्रच बदलतं. बीआरसीए१मध्ये बिघाड असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण ७२ जणींना ऐंशीच्या आत स्तनाचा आणि ४४ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो, असं २०१७च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. बीआरसीए२मध्ये ते आकडे ६९ आणि १७. अंडाशयाचा लवकर कळावा अशी भरवशाची तपासणी नाही. म्हणून बिघाड सापडलेल्या बायकांना, मुलं झाल्यावर, बीआरसीए१ असेल तर ३५ ते ४०च्या दरम्यान नळ्या आणि अंडाशय काढायचा सल्ला देतात.

म्हणजे टेस्ट आत्यांच्या स्वतःच्याच उपयोगाची आहे. दुसऱ्या बाजूचा स्तन आहे, अंडाशय आहेत. तुमचं उत्तर त्यातून आपोआप मिळेल.

वैशाख_वणवा
आत्ता आत्याशी बोलले. साफ नाही म्हणाली. आत्तेबहिणीची स्थळं बघताहेत. 'रिपोर्टात काही आलं तर पोरीला कोण करून घेईल?' बाबा म्हणताहेत मीच रक्त देतो. चालेल का?

गुणसूत्र
बाबांना कॅन्सर झालेला नाही, त्यामुळे त्यांचं निगेटिव्ह आलं तर तुमच्यासारखंच अर्धवट उत्तर. आत्यांचंच रक्त हवं. आणि बिघाड आत्यांत असेल तर आत्तेबहिणीत निम्मी शक्यता. लग्न ठरेपर्यंत थांबून ती शक्यता कमी होत नाही.

सदाशिव_पेठी
लग्नाआधी सांगावं की नाही, यावर वेगळा धागा काढायला हवा. आमच्या वेळी डोळ्याचा नंबरसुद्धा लपवायचे.

पाटावरवंटा
काढाच. इथे नको.

मी_मिरजेची
आत्यांना 'टेस्ट कर' असं फोनवर सांगू नका. 'एकदा समुपदेशनाला जाऊ, रक्त द्यायचं की नाही ते तिथे ठरव' असं सांगून बघा. नवी मुंबईत खारघरला टाटांच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. तिथे सगळ्या नातेवाइकांचा तक्ता काढून मगच बोलतात. रिपोर्ट आत्यांच्या हातात, गावात कुणाला कळायचं कारण नाही.

वैशाख_वणवा
आत्या 'बघू' म्हणाली. तिचं बघू म्हणजे अर्धं हो. तोवर सोनोग्राफी चालू ठेवते, डॉक्टरांना फोन करून तसं सांगितलं. कोल्हापूरहून खारघरला तिला कमीत कमी त्रास होईल असं कसं आणायचं? ट्रेनने कल्याणला उतरून फार फिरावं लागेल.

तात्या_डोंबिवली
ट्रेन नको. रात्रीची मुंबईची बस घ्या, पहाटे कळंबोलीला उतरा, तिथून रिक्षाने खारघर जवळ आहे. मुंबईपर्यंत जायचंच नाही. पाण्याची बाटली स्टीलची न्या.

गुणसूत्र
आत्यांच्या गाठीचा जुना बायॉप्सी रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद आणि आजीचं जे काही सापडेल ते बरोबर ठेवा. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथे गाठीचा मेणातला ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) अजून आहे का तेही विचारा.