प्रति: स्ट्रॉबेरीतल्या अळ्या

मिठाच्या पाण्यात घातल्यावर स्ट्रॉबेरीतून अळ्या निघाल्या, आता सगळी फळं फेकू का, असं वर विचारलंय. अजिबात नको. या बहुतेक ड्रॉसोफिला सुझुकी नावाच्या माशीच्या अळ्या असतात. साधी फळमाशी सडक्या फळावर बसते. हिची मादी मात्र करवतीसारख्या दातेरी अवयवाने पिकत आलेल्या, चांगल्या फळाची साल चिरून आत अंडी घालते. म्हणून फळ वरून एकदम टवटवीत दिसतं. नीट पाहिलं तर टाचणीने टोचल्यासारखं भोक आणि आजूबाजूचा भाग किंचित मऊ लागतो. अळी पांढरी, जेमतेम तीन-चार मिलिमीटर. चुकून पोटात गेली तरी अपाय नाही (किळस येते, ते वेगळं!).

मिठाच्या पाण्याने अळ्या बाहेर येतात, पण सगळ्याच येतील असं नाही, आणि जंतू मारायचा तो उपाय नव्हे. रोजच्यासाठी चाळणीत घेऊन वाहत्या गार पाण्याखाली हलक्या हाताने धुणं पुरे. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका, फळ ते शोषून घेतं. आणि धुवायचं ते खायच्या वेळी. ओली बेरी फ्रिजमध्ये ठेवली की लगेच बुरशी धरते.