तीन फिल्टर, एक कृष्णधवल रोल: सावल्या निळ्या का पडतात?

प्रश्न: एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मवर रॅटन फिल्टर २५ (लाल), ५८ (हिरवा) आणि ४७ (निळा) लावून झेंडूच्या टोपलीचे तीन फोटो घेतले. स्कॅन करून गिंप या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा चॅनल (आरजीबी) म्हणून एकत्र करून एक रंगीत फोटो केला. सावल्या निळसर येतात, उजेडाचा भाग पिवळट. एक सुधारलं की दुसरं बिघडतं. शिवाय कडांना रंगीत किनार आहे. फिल्टर चुकले का?

प्रतिसाद १: फिल्टर अगदी बरोबर आहेत. निळ्या फिल्टरची निगेटिव्ह तेवढ्याच डेव्हलपिंगमध्ये मऊ (कमी कॉन्ट्रास्टची) उतरते, त्यामुळे तिच्यात काळं पुरेसं काळं होत नाही आणि पांढरं पुरेसं पांढरं. म्हणून सावल्यांत निळा उरतो, आणि उजेडात निळा कमी पडून पिवळा दिसतो. शीट फिल्म (सुटी, एकेक डेव्हलप करता येणारी) असेल तर निळीला जास्त वेळ देता येतो. रोलमध्ये तिन्ही एकाच टाकीत, तेव्हा गिंपमधलं कर्व्हच (चॅनलचा उजेड-अंधार बदलणारं साधन) वापरा. पुढच्या वेळी टोपलीशेजारी, त्याच उजेडात, पांढरा, करडा आणि काळा असे तीन तुकडे ठेवा. प्रत्येक चॅनलमध्ये ते ० ते २५५ च्या मापात समजा २३५, ११८ आणि ३० वर आणा. रंग डोळ्यांनी जुळवत बसू नका, आधी करडं करडं करा.

प्रतिसाद २: त्याआधी स्कॅनरचं ऑटो एक्सपोजर बंद आहे ना ते बघा. चालू असेल तर तो प्रत्येक फ्रेम आपल्या मनाने ताणतो. स्कॅन १६ बिट ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत), तिन्हींना एकच सेटिंग. मीटरिंग फिल्टरशिवाय करा आणि लाल-हिरव्याला साधारण ३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा: १/१२५ सेकंदाचं १/१५. निळ्याला अडीच ते तीन, अर्ध्या स्टॉपच्या फरकाने दोन फ्रेम घ्या. वेळच बदला, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) नाही.

प्रतिसाद ३: किनार सगळीकडे एकाच दिशेला असेल तर रोल पुढे सरकवताना कॅमेरा हलला आहे. गिंपमध्ये एका फोटोचा लेयर ‘डिफरन्स’ (फरक दाखवणाऱ्या) मोडवर टाकून सरकवा, कडा काळी झाली की जुळलं. कोपऱ्यांकडे वाढत जात असेल तर एक लेयर किंचित लहान-मोठा करावा लागेल. फक्त पाकळ्यांवर असेल तर वारा, त्याला इलाज नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशाच तीन फिल्टरने रंगीत फोटो घेणाऱ्या प्रोकुदिन-गोर्स्कीच्या रशियातल्या फोटोंमध्ये नदीच्या लाटांवर असेच रंगीत पट्टे दिसतात. आणि ऑर्थो फिल्म घेऊ नका, तिला लाल दिसतच नाही.