क्षारपड रान: आधी जिप्सम की आधी निचऱ्याची पाईप? (वाळवा तालुका, भारी काळी जमीन)

नमस्कार मंडळी,

कृष्णाकाठी आमचं अडीच एकर रान आहे. उपशाचं पाणी आल्यापासून उसावर ऊस, तोही पाटपाण्यावर. आता खालच्या अंगाचा एकरभर तुकडा पार गेलाय. उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरी बुकणी फुटते, पावसाळ्यात दोन फूट खणलं की खड्ड्यात पाणी साचतं. उगवण विरळ, त्यातही पानं शेंड्याकडून करपतात. खोडवा धरायची तर सोयच नाही.

माती तपासून घेतली. सामू (पीएच) ८.४, ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) ५.६, विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम १९ टक्के, मुक्त चुनखडी ११ टक्के. ईसी ४ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर, म्हणजे क्षारयुक्त-चोपण (क्षारही जास्त आणि सोडियममुळं माती घट्टही).

दुकानदार म्हणतो, जिप्सम टाका आणि पाणी सोडा. मला ते पटत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणावरचा सोडियम सोडवेल, पण पाण्याला बाहेर जायला वाटच नसेल तर तो सोडियम तिथंच राहणार. उलट नुसत्या गोड्या पाण्यानं क्षार धुतले, तर सोडियम मागं राहून रान आणखी चोपण होणार. म्हणून आधी जमिनीखालून सच्छिद्र पाईप, मग जिप्सम, मग धुणं असा माझा बेत आहे. यात काही चुकत असेल तर सांगा.

खरी अडचण वेगळीच आहे. ओढा आणि आमचं रान यांच्यामध्ये दोन भाऊबंदांची शेतं आहेत आणि ते पाईप जाऊ देत नाहीत. शिरोळकडं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे काम केलंय, आमच्याकडं बांधावरूनच भांडणं! एकट्यानं कोपऱ्यात विहिरीसारखा खड्डा घेऊन, त्यात पाईप सोडून मोटरनं पाणी उपसलंय का कुणी? वीजबिल झेपतं का? आणि ते खारं पाणी सोडायचं कुठं? ओढ्यावर खालच्या वस्तीची जनावरं पितात.

कंत्राटदार तीन फूट खोली आणि दोन पाईपांत शंभर फूट अंतर सांगतोय. एवढ्या चिकट मातीत शंभर फूट मला फार वाटतं. शिवाय पाईपवर गाळणीचं कापड नको म्हणतो. गाळानं भोकं बुजली तर परत कोण उकरणार?

चुनखडी एवढी असताना जिप्समऐवजी गंधक वापरलेलं कुणी आहे का? त्याचं आम्ल जिवाणू करतात आणि त्यांना हवा लागते, म्हणजे इथंही निचरा आधीच हवा. हिरवळीच्या खताला धैंचाच करणार, ताग साचलेल्या पाण्यात टिकत नाही.

'ठिबक करा' हा सल्ला कृपया नको. वरच्या रानात ते करतोच आहे, प्रश्न आधीच मुरलेल्या पाण्याचा आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातही जाणार आहे, पण ज्यांनी स्वतःच्या रानात पाईप टाकलेत त्यांचा अनुभव हवा. पाऊस लागायच्या आत खोदाई उरकायची आहे, त्यामुळं पाईपच्या अंतराचं तेवढं आधी सांगा.