प्रतिसाद: सोलरच्या पुढचं बोला

कोची एअरपोर्टसारखं सोलर लावलं की नवी मुंबई एअरपोर्ट ग्रीन झाला, हे वर आलेलं मत मला पटत नाही. कोचीचं कौतुक आहेच, २०१५ पासून सोलरवर चालतंय आणि पॅनलच्या मधल्या जागेत भाजीपण पिकवतात, पण त्याने टर्मिनलचे दिवे-एसी भागले, विमानाचं काय? गेटवर उभं असतानाही शेपटीतलं छोटं इंजिन इंधन जाळत असतं, फक्त वीज आणि थंड हवेसाठी! तिथे केबल आणि जाड पाइप जोडून दोन्ही बाहेरून दिलं की ते बंद ठेवता येतं, आवाजही कमी होतो. हे प्रत्येक गेटवर सक्तीचंच हवं. आणि नवी मुंबई एअरपोर्टसाठी उलवे टेकडी फोडली, नदी वळवली, त्याची भरपाई कुठलं पॅनल करणार?